जात व कुळ तपासून मिळेल

शिरोळकर मास्तर पाहुण्याच्या चेहऱ्याच्या आधी पोटाकडं बघायचे. माणूस वजनदार असला की ते खुलायचे, "या, या, बसा," म्हणून त्याला हाताला धरून सोप्यातल्या उंच बैठकीवर चढवायचे. येणाऱ्याला वाटायचं, काय हा मान. बैठकीखाली दोन फळ्या होत्या, फळ्यांच्या मध्ये जुन्या वर्तमानपत्रांची चवड, आणि पत्रांच्या घड्यांत रानातनं उपटून आणलेली झाडं वाळत घातलेली. झाड सपाट वाळायचं तर वर वजन लागतं. दगड ठेवले की कडा दबतात आणि मधला भाग फुगतो, माणूस मात्र सगळीकडून सारखा बसतो, असं मास्तरांचं म्हणणं. तालमीतला एखादा पैलवान भेटायला आला तर ते त्याला चहावर चहा पाजून संध्याकाळपर्यंत उठू द्यायचे नाहीत. मी अंगानं काटकुळा. इतक्या वर्षांच्या स्नेहात त्यांनी मला एकदाही "बसा" म्हटलं नाही.

ते आमच्या शाळेत शास्त्र शिकवायचे आणि मी चित्रकला. महाराजांच्या कारकिर्दीतला तो काळ. कोल्हापुरात नवीन शाळा निघत होत्या, जातीजातीची बोर्डिंगं निघत होती, आणि कुणाच्या घरी कुठले मंत्र म्हणायचे यावरनं सगळं गाव तापलेलं होतं. दोन माणसं रंकाळ्यावर भेटली की तिसऱ्या वाक्याला कुळाची गोष्ट निघायची. मी मुसलमान असल्यामुळं त्या भांडणात मला कुणी ओढत नव्हतं. शिरोळकरांना मात्र सगळेच ओढू बघायचे, कारण शिरोळकर या आडनावावरनं त्यांची जात कुणाला कळत नव्हती.

"शिरोळकर म्हंजे नेमकं कोण वो तुमी?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "शिरोळचा."

"ते झालं. पर मूळचं?"

"मूळचा पण शिरोळचाच. आमच्याकडं माती काळी आहे."

पुढं कुणी खोदून विचारलं तर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "आधी फूल येऊ द्या, मग बोलू." हे वाक्य ते सगळ्यालाच लावायचे. पोरगा पास होईल का, पाऊस पडेल का, हेडमास्तर बदलणार का, सगळ्याला उत्तर हेच.

त्यांचा जीव होता रानातल्या शेंगवर्गी झाडांवर. ज्यांना आपण गवत म्हणून तुडवतो ती रानमूग, रानमटकी, रानउडीद असली झाडं. ती एकमेकांच्या इतकी जवळची की कोण कुणाचं आणि किती लांबचं हे लावता लावता माणूस म्हातारा व्हावा. मास्तर आनंदानं होत चालले होते. रानमुगाचं इवलंसं पिवळं फूल मला पहिल्यांदा त्यांनीच भिंगाखाली दाखवलं. वर एक पाकळी निशाणासारखी, बाजूला दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. होडीचं टोक हत्तीच्या सोंडेसारखं एका अंगाला वळलेलं. "या वळणात सगळं आहे, इस्माईलभाई," ते म्हणायचे. त्यांच्या झाडांची चित्रं मी काढून द्यायचो. नाक-डोळे काढणारा माणूस मी, त्यांनी मला शेंगेवरची लव काढायला बसवलं. लव जिथं असेल तिथंच आली पाहिजे, शोभेसाठी एक केस जादा काढलेला त्यांना खपत नसे.

शेतकऱ्यांनी रानातली अनोळखी झाडं आणून दाखवावीत म्हणून त्यांनी दारावर एक पाटी लावली होती. वरच्या ओळीत "रानातील शेंगवर्गी झाडांची" आणि खालच्या ओळीत "जात व कुळ तपासून मिळेल. विनामूल्य." पाटीच्या बुडाशी त्यांनीच एक रानवेल लावली होती. पावसाळ्यात ती वेल वर चढली आणि तिनं पाटीची वरची ओळ पानांनी झाकून टाकली. मी म्हटलं, वेल जरा बाजूला करा. तर म्हणाले, "कळी धरलीय. आता हात लावायचा नाही." त्यामुळं आषाढापासून रस्त्यावरनं जाणाऱ्याला खालची ओळ तेवढी दिसायला लागली.

पहिला माणूस आला तेव्हा मी तिथंच बसून चित्र काढत होतो. डोक्याला पटका, पायात करकरीत नवी पायताणं. दारातच वाकून म्हणाला, "मास्तर, तपासून पायजे हुतं."

मास्तरांनी भिंगातून डोळा काढला नाही. "फुलं आणलीत?"

"न्हाय."

"फुलांशिवाय कसं सांगणार? पानं तरी?"

"ती बी न्हाईत."

"निदान मूळ?"

"मूळ आमचं कागलाकडचं."

"नुसतं मूळ सांगून भागत नाही. मुळाला गाठी आहेत का ते बघावं लागतं."

"हाईत की. चार गावांत सोयरिकी हाईत," असं म्हणून तो माणूस लगबगीनं गेला आणि झेंडूचा हार, विड्याची पानं आणि नारळ घेऊन परत आला. मास्तरांनी हार हातात घेऊन निरखला. "हा आपल्याकडचा नाही. समुद्रापलीकडनं आलेला आहे." माणसाचा चेहरा उतरला. मग मास्तरांनी पान उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे मात्र मिरीच्या कुळातलं, यात शंका नाही." तो नारळ ठेवून पाया पडला आणि गेला. आमचं कूळ तिखट निघालं, असं त्यानं पेठेत सगळ्यांना सांगितलं, आणि मास्तरांच्या दारात गर्दी व्हायला लागली.

मी त्यांना घोळ समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला माणसातलं काही कळत नाही, हे सांगा त्यांना." मी सांगितलं. लोक म्हणाले, खरा जाणकार असाच बोलतो.

अशातच एके दिवशी पन्हाळ्याचे हैबतराव इनामदार आणि उचगावचे केरबा पाटील एकाच वेळी दारात उभे राहिले. हैबतराव चांगले धिप्पाड. मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी त्यांना बैठकीवर बसवलं. केरबा माझ्यासारखेच वाळके. ते खालीच उभे राहिले.

केरबा म्हणाले, "न्याव करायच्या आदीच त्यास्नी गादी आन मला जमीन?"

"तुमचं वजन पडत नाही हो," मास्तर म्हणाले.

"वजन पडत न्हाय म्हंजे? उचगावात माज्या शब्दाबिगर पान हालत न्हाय."

हैबतरावांनी मिशीवर हात फिरवला आणि गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा आनंदराव दरबारात कारकून होता. केरबांची मुलगी हौसा हिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं. हौसा त्या काळच्या मानानं थोराड झालेली, आधीच्या दोन-तीन सोयरिकी असल्याच कशावरनं तरी मोडलेल्या. साखरपुड्याच्या तोंडावर हैबतरावांच्या चुलत्यांनी शंका काढली, की पाटलाचं कूळ बघितलंय का? तेव्हापासून घोडं अडलं होतं.

"आमचं घराणं गडावरचं," हैबतराव म्हणाले. "हे पडले खालच्या बांधावरचे. तपासून काय ते सांगा."

"गडावरचं आणि बांधावरचं?" मास्तर सावध झाले. "बांध कुठला?"

"उचगावचा."

मास्तर उठूनच उभे राहिले. "अहो, मी गेलं वर्षभर ह्या दोघांच्याच मागं आहे."

"आमच्या मागं?"

"सांगतो. गडावरचा अंगानं बुटका, सगळ्या अंगावर लव. बांधावरचा उंच, जरा तुळतुळीत. वरवर बघाल तर दोन वेगळ्या जाती. पण मी दोघांना उघडून बघितलं. आत काहीएक फरक नाही."

हैबतरावांनी उपरणं छातीवर ओढून घेतलं. "उघडून कवा बघितलं?"

"गेल्या भाद्रपदात."

इथं मला मध्ये पडावं लागलं. मी सांगितलं, मास्तर मुगाचं बोलतायत. पन्हाळ्याच्या उतारावर एक रानमूग उगवतो आणि उचगावच्या बांधावर एक, ते दोन्ही एकाच जातीचे की वेगळे, हा त्यांचा प्रश्न आहे. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, आता उठून जातील.

मग केरबा म्हणाले, "आसंना का मुगाचं. भटजीला इचारावं तर ते दोगांस्नी बी खालचंच म्हणायचं. दरबारात न्यावं तर गावभर बोभाटा. मूग तरी कुणाकडनं लाच खात न्हाय."

हैबतरावांनी त्या दिवसात पहिल्यांदाच मान हलवली. गडावरचा मूग वेगळाच निघणार, याची त्यांना खात्री होती. "काय करायचं ते करा," ते म्हणाले.

मास्तरांचा बेत साधा होता. दोन्हीचं बी एकाच मातीत, एकाच पाण्यावर लावायचं. "फरक मातीचा असेल तर तो जाईल. जातीचा असेल तर राहील." शाळेच्या मागच्या अंगाला एक वाफा तयार झाला. कुणाला पक्षपात करता येऊ नये म्हणून त्यांनी बी मुद्दाम उलटसुलट टोकलं आणि प्रत्येक रोपाशेजारी एक खुंटी मारली. खुंट्या मी रंगवल्या. गडाच्या तांबड्या, बांधाच्या हिरव्या.

त्यानंतर आमच्या शाळेला जी कळा आली ती मी जन्मात विसरणार नाही. हैबतरावांचा गडी चरवीतनं दूध आणून तांबड्या खुंट्यांच्या बुडात ओतायचा. केरबा शेणखताची पाटी स्वतःच्या डोक्यावरनं आणायचे. मास्तरांनी दोन्ही बंद केलं, तेव्हा हैबतरावांनी वेगळा उपाय काढला. ते दर शनिवारी फेटा बांधून वाफ्यापुढं उभे राहायचे आणि आपल्या मुगाला घराण्याचा पराक्रम सांगायचे. कुठली लढाई, कुणाचा घोडा, कुठं जहागीर मिळाली, सगळं. केरबा पलीकडच्या कडेला उकिडवे बसून गडाच्या मुगाला हळू आवाजात शिव्या द्यायचे. शेवटी रोपांशी कुणी बोलायचं नाही, असा नियम मास्तरांना करावा लागला. हेडमास्तरांना वाटायचं, हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

पावसानं उघडीप दिली की पाणी घालायला हौसा यायची. ती आली की कुंपणापलीकडच्या रस्त्यावर आनंदराव दिसायचा. दरबारातनं घरी जायची त्याची वाट तिकडनं नव्हती. तो तिथं थांबून डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधायचा, तेवढ्यात हिची घागर रिकामी व्हायची.

एकदा तिनं मास्तरांना विचारलं, "मास्तर, मूग येगळा निघाला तर?"

"तर दोन जाती."

"आन मग काय करायचं?"

"मग दोघांना वेगवेगळी नावं ठेवायची."

"नावं ठिवाय लोक कमी हाईत व्हय?" हौसा म्हणाली आणि घागर उचलून गेली. मास्तर बराच वेळ तिच्या पाठीकडं बघत राहिले. त्यांना विनोद कळला नाही असं मला वाटलं होतं.

भाद्रपदात फुलं आली, शेंगा धरल्या. सगळी रोपं सारखीच वाढली होती, उंचीचा फरक निघून गेला होता. साध्या डोळ्याला कुठलं कोणतं सांगता येत नव्हतं. पण एके दिवशी मास्तर माझ्या वर्गात आले ते भिंग आणि शेंगा हातात घेऊनच. "इस्माईलभाई, लव जात नाही," ते म्हणाले. "भिंगाखाली बघा. तांबड्या खुंटीच्या प्रत्येक शेंगेला लव आहे, हिरवीच्या एकाही नाही. एका मातीत वाढवूनसुद्धा. ही वेगळी जात आहे. नवी. कुणी लिहिलेली नाही." मुंबईच्या विद्वान मंडळाला पाठवायचा लेख त्यांच्या डोक्यात तयार होता. नावसुद्धा ठरलं होतं. त्यांनी ते मला कानात सांगितलं, पोराच्या बारशाला सांगतात तसं.

खिडकी उघडी होती आणि खाली हौसा पाणी घालत होती. तिनं वर बघितलं. नाव तिला ऐकू गेलं नसेल, पण "वेगळी जात" एवढं नक्की गेलं.

तिनं घागर खाली ठेवली. मग वाकली आणि पहिली खुंटी उपटली. मग दुसरी. घाई नाही, चोरटेपणा नाही, भाजी खुडावी तशी ती एकेक खुंटी उपटून ओच्यात टाकत पुढं सरकत होती. मी मास्तरांकडं बघितलं. त्यांचा हात खिडकीच्या गजावर होता आणि तोंड उघडलं होतं. एक हाक मारली असती तर ती थांबली असती. खुंटी गेली की सगळं गेलं, हे मलाही कळत होतं. केसाळ रोप गडाच्याच बियाचं, याला पुरावा म्हणजे ती खुंटी. ती नसली तर केसाळ रोप नुसतं केसाळ.

वाफा संपला. ओच्यात खुंट्या घेऊन ती भिंतीच्या कडेनं निघून गेली. मास्तरांनी तोंड मिटलं आणि गजावरचा हात काढून धोतराला पुसला.

"का नाही थांबवलंत?" मी विचारलं.

"थांबवलं असतं तर थांबली असती," ते म्हणाले. "अजून किती थांबायचं तिनं?" आणि मग माझ्या वर्गातल्या पोरांकडं वळून कुणाची तरी चित्राची वही बघायला लागले. वही उलटी धरली होती.

ठरल्या दिवशी दोन्ही बाप आले. खुंट्या पोरांनी विटीदांडूला पळवल्या असणार, असं जो तो धरून चालला. मास्तरांनी काहीच सांगितलं नाही.

हैबतराव म्हणाले, "खुंटी कशाला पायजे? रक्त लपत न्हाय." फौजेची पाहणी करावी तसे ते वाफ्यातनं फिरले आणि एका ताठ, शेंगांनी लगडलेल्या रोपापाशी थांबले. "ह्यो आमचा."

"त्यो माजा हाय," केरबा म्हणाले. "हितं मी रोज बसतोय. ह्या पानावरचं भोक वळखतो मी."

"मग ह्यो मरतुकडा कुणाचा?"

"तुमचा."

"आमचा न्हवं. तुमचा."

दोघं तासभर भांडले. प्रत्येक चांगलं रोप दोघांचं आणि प्रत्येक किडकं रोप समोरच्याचं. शेवटी घामाघूम होऊन ते मास्तरांकडं वळले. "तुमी भिंगातनं बघून सांगा."

मास्तर म्हणाले, "भिंगातून आता ते सांगता येणार नाही." हे खोटं नव्हतं, लव दिसली असती पण ती गडाची हे दाखवता आलं नसतं, एवढं त्या आवारात मला आणि त्यांनाच माहीत होतं. "पण तुमच्याच बोलण्यावरनं इथं जाती दोन दिसतात. एक तुम्हा दोघांची, आणि एक दोघांचीही नाही अशी."

हैबतरावांना हे समजायला वेळ लागला. केरबांना आधी समजलं. ते हसायला लागले, आणि हसता हसता खोकला लागून खाली बसले. हैबतरावांनीच त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मारता मारता म्हणाले, "चुलत्यास्नी काय सांगायचं?"

"सांगा की, तपासून आणलं," केरबा म्हणाले. "इनामूल्य."

मार्गशीर्षात लग्न झालं. उचगावच्या मांडवात मास्तरांना मानाचं पान होतं. वधूवर पाया पडायला आले, तर ते म्हणाले, "शेंग धरू द्या." जवळच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हौसानं मात्र खाली वाकून पुन्हा एकदा त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. 

मुंबईला लेख गेला नाही. पुढच्या साली त्यांनी नव्यानं बी आणायचं ठरवलं, पण उचगावच्या त्या बांधापर्यंत उसाची लागण आली आणि बांधावरचा रानमूग गेला. शाळेमागच्या जागेत कुस्तीचा हौदा झाला. जात एक का दोन, हे मास्तरांना शेवटपर्यंत लिहिता आलं नाही. मी एकदा म्हटलं, तुम्हाला तर ठाऊक आहे. ते म्हणाले, "ठाऊक असणं वेगळं, दाखवता येणं वेगळं." त्या आवाजात दुःख होतं. ते मी झाकून सांगणार नाही. त्या नावाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि मीही ते नाव कुणाला सांगितलेलं नाही.

नोकरी सुटल्यावर ते पन्हाळ्याला जाऊन राहिले. एकदा कामासाठी मी गडावर गेलो होतो. उतरताना गडाच्या चार दरवाज्याच्या खालच्या वळणावर माझा टांगा थांबला. रस्त्यात माणसं जमली होती. उतारावरच्या गवतात एक म्हातारा पालथा पडलेला, पांढरे केस, एक हात पुढं पसरलेला. कुणाला तरी तो जाऊन बराच वेळ झाला असावा असं वाटत होतं. लाकडांची मोळी घेतलेल्या एका बाईनं त्याच्यासाठी डोळे पुसले.

गोळा झालेले लोक भांडत होते. मेलेला कुठल्या जातीचा हे कळल्याशिवाय त्याला उचलायचं कुणी, असा पेच होता. एक म्हणाला, धोतराच्या नेसणीवरनं बामण वाटतोय. दुसरा म्हणाला, हातापायाच्या हाडावरनं मराठा हाय. तिसऱ्याला ते दोन्ही पटत नव्हतं. एकजण मला म्हणाला, "पावणं, तुमी वळखता काय ह्येला? कुणाचा हाय?"

मी उतरून पुढं गेलो.  तेवढ्यात गवतातलं डोकं जरा वर उचललं गेलं. एका डोळ्याला भिंग तसंच धरलेलं होतं, गालाला माती लागली होती.

"बाजूला व्हा जरा," मास्तर म्हणाले. "उजेड अडतोय."

लोक बाजूला झाले. ऊन पुन्हा गवतावर पडलं. मास्तरांनी डोकं परत खाली घातलं.